उष्टावणाचं वरण

वरण इतकं सुरेख शिजलंय की रवी फिरवायचीसुद्धा गरज पडली नाही, असं नीलांबरीकाकू म्हणाल्या तेव्हा मृणालिनी त्यांच्या शेजारीच सिंकमध्ये हात धूत होती. बाहेर हॉलमध्ये उष्टावणाची तयारी चालली होती. मृणालिनीच्या मैत्रिणीच्या, चारुताच्या रुहीला सातवा महिना लागला होता. पहिला घास मामाने भरवायचा म्हणून चारुताचा भाऊ अमित सकाळच्या विमानाने टेक्ससमधल्याच अर्विंगहून आला होता. चारुताच्या सासूबाई, म्हणजे नीलांबरीकाकू, नातीच्या पहिल्या घासाच्या वरणाला दुसऱ्या कुणाचा हात लागू देणार नव्हत्या. काकू नागपूरच्या. बाळंतपणासाठी म्हणून वसंतात आल्या होत्या आणि आता परतीचं तिकीट अगदी तोंडावर आलं होतं. मी आले तेव्हा इथली डाळ शिजता शिजत नव्हती, त्या सांगत होत्या, दोन दोन शिट्ट्या जास्त द्या, सोडा घाला, तरी आपली कणी राहायचीच. आणि आता कुकर लावत नाही की डाळ भिजवत नाही. नुसती पातेल्यात टाकायची आणि दुसरं काम करायला घ्यायचं. जूनपासून हे असं आहे. "तुझ्याच पाण्याचं कौतुक करतेय गं मृणाल," काकू म्हणाल्या. मृणालिनीने हसून मान डोलावली आणि हात पुन्हा नळाखाली धरले, कारण साबण काही केल्या निघत नव्हता.

साबण निघून गेलेला होता, हे तिला चांगलं ठाऊक होतं. राहिला होता तो नुसता बुळबुळीतपणा, बोटांवर बोट घसरत होतं. असं फक्त अगदी मऊ पाण्यात होतं, ज्यात चुन्याचा अंशही उरलेला नाही अशा. तिने नळ बंद केला, उघडला, पुन्हा बंद केला. औक्षणाचं तबक न्यायला चारुता आत आली तेव्हा तिने सहज विचारल्यासारखं विचारलं की घरात पाणी मऊ करणारा सॉफ्टनर बसवलाय का. बसवलेला असावा, अशी तिच्या मनाने जवळजवळ प्रार्थनाच केली. चारुता हसली. म्हणाली, सॉफ्टनर कुठला ताई, या घरात नवीन असं काय आहे, मी आणि रुही सोडून. आणि तबक घेऊन गेलीसुद्धा. घर खरंच जुनं होतं, गावाच्या जुन्या भागातलं, लाकडी, पुढे रुंद पोर्च आणि अंगणात पिकानचं झाड. बाकीची मराठी मंडळी हायवेपलीकडच्या नव्या कोऱ्या, एकसारख्या घरांमध्ये राहत होती आणि चारुताला वेड्यात काढत होती. मृणालिनीनेच तिची बाजू घेतली होती, की राहू द्या तिला झाडाखाली, सगळ्यांनीच काय खोक्यात राहायचं.

मऊ वरण ही काही वाईट बातमी नव्हे. उरणला तिच्या आईने अशा वरणासाठी काय दिलं नसतं. वडील मिठागर खात्यात होते, घराच्या तिन्ही बाजूंना मिठाची आगरं, आणि दारातल्या विहिरीचं पाणी मचूळ. त्या पाण्यात डाळ तासन् तास उकळायची आणि शेवटी एकीकडे डाळ, एकीकडे पिवळं पाणी अशी ताटात यायची.  वडील वाटी नुसती बोटाने पुढे सरकवायचे. त्या सरकवण्याचा आवाज मृणालिनीला अजून ऐकू येतो, पितळेची वाटी आणि खाली शहाबादी फरशी. मग आई लांबच्या विहिरीवरून एक कळशी गोड पाणी आणायला लागली. त्यातलं पाणी फक्त डाळीला आणि चहाला. ते प्यायलेलं सापडलं तर पोरांना फटके. पुढे धरणावरून पाइपलाइन आली, नळ आला, तेव्हा आईने नळाला हळदकुंकू वाहिलं, त्या दिवशी वरण केलं आणि वडिलांनी दुसऱ्यांदा मागितलं. पाण्यातच काम करायचं हे मृणालिनीने तेव्हा ठरवलं, असं ती इंटरव्ह्यूमध्ये सांगायची. खरं म्हणजे तेव्हा तिने काहीच ठरवलं नव्हतं, ती फक्त आईचा चेहरा बघत होती. पण टेक्ससच्या या किनाऱ्यावर, समुद्राचं पाणी गोडं करणाऱ्या तिच्या प्लांटची पाइपलाइन मे महिन्यात सुरू झाली तेव्हा उद्घाटनाचे पाहुणे यायच्या आधी तिने पर्समधल्या डबीतलं कुंकू त्या निळ्या, गाडीच्या चाकाएवढ्या व्हॉल्व्हला हळूच लावलं होतं. नंतर कुणीतरी ते गंज समजून पुसून टाकलं.

काकू वरणावर लिंबू पिळत होत्या, तुपाची धार धरत होत्या, आणि बोलत होत्या. मृणालिनी ऐकत नव्हती. तिच्या डोळ्यांपुढे प्लांट उभा होता. समुद्राचं पाणी तिथे प्रचंड दाबाखाली गाळणीसारख्या बारीक पडद्यांतून ढकललं जातं. मीठ मागे राहतं आणि पलीकडे येतं ते इतकं कोरं पाणी असतं की त्याला चवसुद्धा नसते. लोकांना वाटतं, झालं, शुद्ध झालं. पण असलं कोरं पाणी जमिनीखालच्या पाइपांमध्ये तसंच सोडायचं नसतं. त्याच्यात काहीच नसल्यामुळे ते वाटेत जे सापडेल ते स्वतःत विरघळवून घेतं, पाइपांना आतून बसलेला वर्षानुवर्षांचा थर, लोखंड, आणि जुन्या घरांच्या पुढे जर शिशाचा पाइप असेल तर शिसं. म्हणून त्याला आधी चुनखडीच्या खड्यांच्या मोठ्या टाक्यांतून फिरवतात, थोडा चुना त्याच्या पोटात घालतात, आणि मगच गावात पाठवतात. त्या टाक्या मृणालिनीच्या ताब्यात होत्या. सगळ्या प्लांटमध्ये तीच एक जागा तिला स्वयंपाकघरासारखी वाटायची. आणि चुना पोटात गेलेल्या पाण्यात तूरडाळ शिजते, चांगली शिजते, पण न भिजवता, उघड्या पातेल्यात, रवी न लावता शिजत नाही.

जूनमध्ये पाऊस नव्हता, धरण तळाला गेलं होतं आणि गावाला जास्त पाणी हवं होतं. चुनखडीच्या टाक्यांमधून पाणी सावकाश जातं. तिच्या साहेबाने, डगने, टाक्यांना वळसा घालणारी लाइन, म्हणजे बायपास, उघडायला सांगितली, थोडीशी, थोड्या दिवसांसाठी. मृणालिनीने विचारलं होतं. अगदी मीटिंगमध्ये, सगळ्यांसमोर विचारलं होतं की किती उघडणार आणि कधी बंद करणार. डग माणूस वाईट नाही. तिच्या मुलाच्या, वेदच्या, रोबोटिक्सच्या स्पर्धेला तो शनिवारी उठून आला होता. त्याने तिला बाजूला घेऊन सांगितलं की हे तात्पुरतं आहे, मीटरचे आकडे बघ, सगळं हिरवं आहे. आकडे हिरवेच होते. पण तो मीटर टाक्यांतून पाणी बाहेर पडतं त्या तोंडाशी होता, वळसा घालून आलेलं पाणी त्याच्या पुढे येऊन मिसळत होतं, आणि हे डगला जितकं माहीत होतं तितकंच तिलाही माहीत होतं. ती पुढे बोलली नाही. वेद एकविसाचा व्हायच्या आत ग्रीन कार्ड आलं नाही तर त्याला या देशात राहायला दुसरी वाट शोधावी लागणार, तिची केस याच नोकरीवर उभी, आणि गिरीश, तिचा नवरा, तिच्याच व्हिसावर घरी बसलेला. गेले तीन महिने ती रोज सकाळी त्या हिरव्या आकड्यांकडे बघत होती आणि मनात म्हणत होती, थोडीशीच उघडी आहे. माणूस स्वतःशी किती सभ्यपणे खोटं बोलतो. तिला वाटायचं, कुठेतरी काही झालं तर गंजाचं लाल पाणी येईल, लोक फोन करतील, मग आपण बोलूच. फोन आले नाहीत. शिसं दिसत नाही, त्याला वास नाही, चव असलीच तर ती कुणाला ओळखू येत नाही. आणि गावाच्या नकाशावर चारुताची गल्ली करड्या रंगात होती. करडा म्हणजे इथे जमिनीखाली कसला पाइप आहे ते कुणाला माहीत नाही.

हॉलमधून चारुताने हाक मारली, ताई, आईंना घेऊन ये ना, हिला झोप यायला लागलीय. काकू वाटी घेऊन पुढे झाल्या आणि मृणालिनी त्यांच्या मागून गेली, कारण दुसरं काय करायचं ते तिला सुचलं नाही. पाटाभोवती रांगोळी म्हणून चारुताने तांदळाच्या पिठाच्या चार रेघा ओढल्या होत्या. अमित मांडी घालून बसला होता, मांडीवर रुही, कुंचीच्या आत घामेजलेली. तिचे दोन्ही हात अमितच्या घड्याळाशी खेळत होते. सुशांत, चारुताचा नवरा, फोनवर नागपूरच्या मंडळींना हे सगळं दाखवत होता आणि गिरीश त्याला प्रकाश कुठून येतोय ते सांगत होता. सगळं इतकं नेहमीसारखं होतं की मृणालिनीला स्वतःचाच राग आला. एक साबण काय हातावर राहिला आणि ही बाई कुठल्या कुठे पोचली. कदाचित डाळ नवीन असेल. कदाचित काकू अतिशयोक्ती करत असतील, नागपूरच्या माणसांना ती सवयच असते. कदाचित या घरापुढचा पाइप तांब्याचा असेल. आणि एक चमचा वरण. एका चमच्याने कुणाचं काय होतं. उद्या सकाळी लवकर जाऊन स्वतः नमुना घ्यायचा, इथल्या नळाचा, गुपचूप. त्याचा रिपोर्ट आला की मग बघू. तिला हे पटत आलं होतं, अगदी पटत आलं होतं, इतक्यात तिला दूध आठवलं.

चारुताला अंगावरचं पुरत नव्हतं. रुही पहिल्यापासून पावडरच्या दुधावर होती, आणि चारुता त्यासाठी दुकानातून पाण्याचे मोठमोठे कॅन आणायची, कारण नळाच्या पाण्यावर तिचा विश्वास नव्हता. तो नव्हता तेच बरं होतं. मे महिन्यात, पाइपलाइन सुरू झाली त्या आठवड्यात, चारुता कॅन उचलून पोर्चच्या पायऱ्या चढत होती आणि मृणालिनीने तिच्या हातातून तो घेतला आणि म्हणाली, आता हे बंद कर बरं, माझं पाणी पाज तिला. माझं पाणी. चारुताने दुसऱ्या कुणाचं ऐकलं नसतं. गावाची पत्रकं चारुता न वाचताच कचऱ्यात टाकते. पण मृणालताई तिथे आहे, आपलं माणूस तिथे आहे, मग तपासून कशाला घ्यायचं. आपल्या माणसांत हे असंच चालतं. डॉक्टर आपला असला की दुसरं मत घ्यायचं नाही, वकील आपला असला की कागद वाचायचे नाहीत. कुणी चारुताला विचारलं तर ती अभिमानाने सांगायची की आमची ताई पाण्यात आहे. जूनमध्ये तो वळसा उघडला त्या संध्याकाळी मृणालिनी याच घरात चहा प्यायली होती. चहा छान झाला होता, रंग कसा उजळ आला होता. तिने ते बोलूनही दाखवलं होतं.

काकूंनी औक्षण केलं. अमितने चांदीचा चमचा वाटीत बुडवला, वर काढला, आणि थोडा फुंकला. रुहीने चमच्याकडे बघितलं आणि तोंड उघडलं, चमचा अजून लांब असताना. मुलं असं करतात, त्यांना सगळं आपल्यासाठीच चाललेलं वाटतं.

"अमित, नको देऊस तिला ते," मृणालिनी म्हणाली.

तिला वाटलं होतं की आपण ओरडू, पण आवाज साधाच निघाला, कुणी मीठ घालायचं राहिलंय म्हणून सांगावं तसा. अमित हसला. त्याला वाटलं काहीतरी रीत राहिली असेल. काकूही थांबल्या, आणि विचारायला लागल्या की आधी खीर द्यायची का, आमच्याकडे वरणच देतात. मृणालिनी पुढे गेली आणि तिने अमितच्या हातातून चमचा घेतला. मग तिने सांगितलं. पाण्यात शिसं असू शकतं. खात्री नाही, पण असू शकतं. सॉफ्टनर नसताना हे पाणी इतकं मऊ असायला नको, आणि घर जुनं आहे. बोलताना तिला ऐकू येत होतं की ती अगदी ऑफिसात बोलते तसं बोलतेय, मोजून मापून. काकूंचा चेहरा उतरला. त्या वाटीकडे बघत राहिल्या. आपल्या हातचं वरण नातीला बाधलं असतं, एवढंच त्यांच्यापर्यंत पोचलं होतं. त्या हळूच म्हणाल्या की मी डाळ तीनदा धुतली होती. सुशांतने फोन खाली केला, नागपूरच्या मंडळींचे आवाज त्यातून येत राहिले, झालं का, भरवलं का.

 चारुता अमितजवळ खाली बसली आणि तिने रुहीची कुंची सोडली. मग विचारलं, "वरणात, की पाण्यात?"

"पाण्यात."

"मी तिचं दूध करते त्यात. उकळून घेते ताई. दोनदा उकळते."

मृणालिनीला हे थांबवता आलं असतं तर तिने थांबवलं असतं. पण एकदा सुरू झालं की मधे कुठे थांबायला जागा नसते. "उकळून शिसं जात नाही," ती म्हणाली. "पाणी आटतं आणि ते आहे तेवढंच राहतं. उलट दाट होतं."

चारुताने मान हलवली, शिक्षकाने सांगितलेलं समजलं अशी. तिचे दोन्ही हात रुहीच्या पोटावर होते. गिरीश एव्हाना भिंतीला टेकून उभा होता आणि मृणालिनीकडे बघत होता. त्याला वळशाचं माहीत होतं. जूनमध्ये त्यानेच म्हटलं होतं की तू विचारलंस ना, तुझं काम झालं, आता गप्प बस. तो काही वाईट हेतूने बोलला नव्हता, त्यालाही वेद होता. रुहीला भूक लागली होती. तिने तोंड वाकडं केलं, इकडे तिकडे बघितलं आणि रडायला सुरुवात केली. सुशांत लगेच बाटली करायला उठला, स्वयंपाकघराच्या दारापर्यंत गेला आणि तिथेच उभा राहिला. मग गाडीची किल्ली घेऊन पाणी आणायला निघून गेला.

"तुला कधी कळलं?" चारुताने विचारलं.

"आत्ता," मृणालिनी म्हणाली. "आत्ता आत, हात धुताना."

ते खरंही होतं. खात्री आत्ताच पटली होती, शपथेवर सांगता आलं असतं. चारुताचे डोळे भरून आले आणि तिने एक हात सोडवून मृणालिनीचा हात धरला. म्हणाली की तू आज आली नसतीस तर आम्हाला कधी कळलंच नसतं. अमितही म्हणाला, थँक गॉड ताई. काकूंनी तिच्या पाठीवरून हात फिरवला. त्या तिघांमध्ये मृणालिनी उभी होती, आणि तिला वाटलं की एवढंच पुरे, हे असंच राहू दे. आता फोन करायचा, वळसा बंद करवायचा, रुहीचं रक्त तपासून घ्यायचं. सगळं नीट करता येईल आणि या एका 'आत्ता'ला कुणी हात लावणार नाही. तिच्या तळव्यांवर अजून तो बुळबुळीतपणा होता, की तसं तिला वाटत होतं. तिने ते साडीला पुसले.

तिने पोर्चवर जाऊन डगला फोन लावला. ऊन अजून कडक होतं. रस्त्यापलीकडे कुणीतरी स्प्रिंकलर लावला होता, तो गवतावर गोल गोल पाणी टाकत होता आणि दोन लहान मुलं त्याच्याखालून धावत होती, तोंडं उघडी टाकून. तिला त्यांच्याकडे बघवेना. या गल्लीत अशी किती घरं होती, आणि पुढच्या गल्लीत. इतका वेळ तिच्या मनात एकच तोंड होतं, चमच्यासाठी उघडलेलं. आता ते सगळीकडे दिसायला लागलं. मागे जाळीचं दार वाजलं. चारुता रुहीला खांद्यावर घेऊन बाहेर आली होती. रुही आता हुंदके देत रडत होती, थकून, मधेच स्वतःची मूठ चोखत.

"स्पीकरवर टाक ना ताई," चारुता म्हणाली. "मलाही ऐकू दे, ते काय करणार आहेत ते."

तिच्या आवाजात संशय नव्हता. असता तर बरं झालं असतं. मृणालिनीला सांगता आलं असतं की ऑफिसचा फोन आहे, असं करता येत नाही. ती क्षणभर तेच सांगणार होती. पण फोन वाजत होता, चारुता जवळ येऊन उभी राहिली होती, आणि रुहीचे पाय तिच्या दंडाला लागत होते. तिने बटण दाबलं. डगने फोन उचलला. मागे बार्बेक्यूचा, माणसांचा आवाज येत होता.

"मृणाल, इट्स संडे," तो म्हणाला, हसऱ्या आवाजातच. "प्लीज, बायपासचं परत काढू नकोस. वी टॉक्ड अबाउट धिस इन जून."

रस्त्यापलीकडची मुलं ओरडत होती. मृणालिनीने चारुताकडे बघितलं नाही. मग बघितलं. चारुताचा चेहरा अजून पूर्ण बदलला नव्हता. ती बहुतेक महिने मोजत होती, जून, जुलै, ऑगस्ट, आणि प्रत्येक महिन्यातल्या बाटल्या. डग हॅलो हॅलो म्हणत होता. त्याने विचारलं की हे बाळ कुणाचं रडतंय.  मृणालिनीला वाटलं चारुता आत निघून जाईल, किंवा फोन हिसकावून घेईल. तिने तसं केलं असतं तर किती सोपं झालं असतं. पण चारुता हलली नाही. तिने रडणाऱ्या रुहीला एका खांद्यावरून दुसऱ्या खांद्यावर घेतलं, आणि फोनच्या आणखी जवळ आली.

"बोल," ती म्हणाली.